कळांच्या वेळी जवळ कोण?



आयोजकांनी माझी ओळख लष्करातून निवृत्त झालेल्या लेफ्टनंट कर्नल अशी करून दिली. ती ऐकली की लोकांना वाटतं, आता सीमेवरच्या गोष्टी ऐकायला मिळणार. तुमची थोडी निराशा होईल. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होते. खांद्यावर तारे होते, हातात बंदूक नव्हती. माहेर ग्वाल्हेरचं. पुण्याला ए.एफ.एम.सी.त बीएस्सी नर्सिंग केलं, 1983 साली लेफ्टनंट झाले, आणि नोकरीतला मोठा भाग फॅमिली वॉर्डात गेला. फॅमिली वॉर्ड म्हणजे जवानांच्या बायकामुलांचा वॉर्ड. त्यातही बराचसा काळ लेबर रूममध्ये. त्यामुळे मी आज बोलणार आहे ते बाळंतपणाबद्दल. साध्या, नॉर्मल बाळंतपणाबद्दल, आणि त्या वेळी बाईच्या जवळ कोण असतं याबद्दल.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

नोकरीचं पहिलंच वर्ष. उत्तरेतल्या एका छावणीतलं मिलिटरी हॉस्पिटल, जानेवारीची रात्र. एका शिपायाची बायको कळा घेऊन आली. सातारा जिल्ह्यातली पोर, एकोणीस-वीस वर्षांची, पहिलटकरीण. नवरा पुढच्या भागात ड्यूटीवर. सासू गावी, आई गावी. युनिटच्या गाडीने तिला सोडलं आणि गाडी परत गेली. तिला हिंदी जेमतेम कळायचं. रात्र चढत गेली तशा कळा वाढल्या आणि ती ओरडायला लागली, "आयं गं, आयं गं". त्या अख्ख्या हॉस्पिटलात त्या रात्री मराठी समजणारी मी एकटी होते. आणि मी तिच्याजवळ जाऊन काय म्हणाले? "ओरडू नकोस. जगात तू एकटीच बाळंत होत नाहीयेस."

माझ्या हाताखाली आणखी सहा पेशंट होत्या, मी घाबरलेली होते, आणि मला तसंच शिकवलेलं होतं, ही कारणं मी पुढे स्वतःला बरीच वर्षं दिली. ती खरीही आहेत. पण मी ते बोलले.

मी पुढच्या खाटेकडे वळले. मग आमची आया आली. गढवालची म्हातारी बाई, तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तिने स्टूल ओढलं, त्या पोरीच्या पाठीशी बसली, आणि कळ आली की कमरेवर तळहात दाबून धरायची. "बस बेटा, बस, निकल गया." एवढंच. दर कळेला तेच. अर्ध्या तासात त्या पोरीचा आवाज बदलला. ओरडणं थांबलं नाही, पण त्यातली भीती गेली. पहाटे तिला मुलगी झाली. टाका नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेले तर तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुमी मराठीच न्हवं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "राती मला वाटलं भास झाला. आपलं मानूस आसं बोलंल व्हय?"

मी काही उत्तर दिलं नाही. आज चाळीस वर्षांनीही माझ्याकडे उत्तर नाही. तिच्याशी तिच्या भाषेत बोलू शकणारं एकच माणूस होतं आणि त्याने तिला गप्प केलं. जिला भाषा येत नव्हती ती तिच्याजवळ बसली. पुढची सगळी नोकरी मी त्या आयाकडून शिकले, असं म्हटलं तरी चालेल.

आता थोडं शरीराचं बोलू. कारण जवळ बसणं ही नुसती माया नाही, त्याला कारण आहे.

कळ म्हणजे गर्भपिशवीचा स्नायू आवळणं. प्रत्येक कळेबरोबर पिशवीचं तोंड थोडं थोडं उघडतं, शेवटी ते दहा सेंटिमीटर होतं आणि बाळ खाली सरकतं. या कळा आणतं ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक. त्याचा स्वभाव लाजाळू आहे असं मी माझ्या विद्यार्थिनींना सांगायचे. शांतता, मंद उजेड, ओळखीचं माणूस असलं की ते मोकळं वाहतं. बाई घाबरली, तिला थंडी वाजली, चार अनोळखी माणसं तिच्याकडे बघत उभी राहिली, की अंगात अॅड्रिनॅलिन चढतं आणि कळा मंदावतात. गाय-म्हैस व्यायला झाली की आपल्याकडे शेतकरी काय करतो? गोठ्यातली गर्दी हटवतो, कुत्रं बाहेर काढतो, लांबून लक्ष ठेवतो. जनावराला आपण जे देतो ते बाईला द्यायला विसरतो.

आमच्या वेळी लेबर रूममध्ये काय चालायचं? आल्या आल्या एनिमा, केस काढणं, उताणं झोपवणं, खाणं-पिणं बंद, पहिलटकरीण असेल तर जवळजवळ ठरलेला काप, आणि नातेवाईक दाराबाहेर. हे सगळं आम्ही शिस्त म्हणून करायचो. यातली एकही गोष्ट सरसकट करण्याची गरज नाही, हे आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. 2018 साली त्यांनी बाळंतपणातल्या काळजीबद्दल नव्या शिफारशी दिल्या. त्यात सरसकट काप नको, एनिमा नको, केस काढणं नको, धोका नसलेल्या बाईला खाऊ-पिऊ द्या, हिंडू-फिरू द्या, आणि प्रत्येक बाईला तिने स्वतः निवडलेली सोबत द्या, असं स्पष्ट म्हटलं आहे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्यात आहे. पूर्वी आम्ही घड्याळ लावून बसायचो, तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे. आता म्हणतात, पाच सेंटिमीटरपर्यंत पुष्कळ बायकांना त्याहून जास्त वेळ लागतो, आणि आई-बाळ ठीक असतील तर तेवढ्यावरून घाई करायची नाही.

सोबतीचं म्हणाल तर त्याचा पुरावाही जुना आहे. 1980 साली ग्वाटेमालामधल्या एका अभ्यासाचा निकाल छापून आला. गर्दीचं सरकारी हॉस्पिटल, नातेवाइकांना मनाई. काही बायकांजवळ एक साधी बाई बसवली. ना नर्स, ना ओळखीची. तिने फक्त हात धरायचा, पाठ चोळायची, बोलायचं. जिथे गुंतागुंत झाली नाही अशा बायकांमध्ये, एकटीला दाखल झाल्यापासून बाळंत व्हायला सरासरी 19 तास लागले आणि सोबत असलेलीला 9 तासांच्या आत. पुढे जगभर असे अभ्यास झाले. 2017 सालच्या एका मोठ्या आढाव्यात 17 देशांतले 26 अभ्यास आणि 15 हजारांहून जास्त बायका आहेत. निष्कर्ष तोच: सतत सोबत असेल तर नॉर्मल बाळंतपणं वाढतात, सिझेरियन कमी होतात, कळांचा काळ थोडा आखूड होतो, आणि नंतर "फार वाईट अनुभव होता" म्हणणाऱ्या बायका कमी होतात. असं एखादं औषध असतं तर कंपन्यांनी त्यावर केवढा पैसा मिळवला असता. पण स्टूल विकून कोण श्रीमंत होणार!

आता तुम्ही म्हणाल, कर्नलबाई, जवळ बसायचं म्हणजे नेमकं करायचं काय? तेच सांगते. आई असा, सासू असा, बहीण असा, नवरा असा, हे ऐकून ठेवा.

पहिली गोष्ट, घरी. पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या की लगेच पळापळ करू नका. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे असं सांगितलेलं असेल, दिवस भरलेले असतील आणि हॉस्पिटल जवळ असेल, तर सुरुवातीचे तास घरी जाऊ द्या. तिला पेज द्या, चहा द्या, खजूर द्या, लिंबू-सरबत द्या. झोप येत असेल तर झोपू द्या. कळा साधारण पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललं, की निघा. हॉस्पिटल लांब असेल, रस्ता घाटाचा असेल, दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर त्याआधीच.

पण काही गोष्टींत वाट बघायची नाही. पाणी गेलं, विशेषतः ते हिरवट-काळपट असेल, अंगावरून लाल रक्त जायला लागलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, झटका आला, ताप आहे, किंवा 37 आठवडे पुरे व्हायच्या आधीच कळा आल्या. यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी निघायचं. चहा राहू दे, पूजा राहू दे.

दुसरी गोष्ट, हॉस्पिटलात. तिला उताणं पडू देऊ नका. उभी राहू दे, चालू दे, खाटेच्या कडेला धरून वाकू दे, गुडघ्यांवर-हातांवर ओणवी होऊ दे, नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून लोंबकळू दे. उभं राहिलं, हिंडलं-फिरलं तर पहिला टप्पा साधारण तासाभराने कमी होतो असं अभ्यासात दिसलंय, आणि दुखणंही सोसवतं. कळ आली की कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळहाताने जोरात दाबून धरा. चोळू नका, दाबा. त्या गढवाली आयाचा हात तिथेच असायचा. गरम पाण्याची पिशवी चालते. दर दोन तासांनी लघवीला न्या, कारण मूत्राशय भरलं की बाळाचा रस्ता अडतो. घोटघोट पाणी द्या.

तिसरी, बोलणं. कळ चालू असताना काही विचारू नका. "किती झालं? अजून किती?" हे तर मुळीच नको. तिला उत्तर माहीत नसतं. छोटी वाक्यं बोला. "श्वास सोड. सावकाश सोड. मी इथेच आहे." तोंड घट्ट मिटलं असेल तर जबडा सैल सोडायला सांगा, कपाळावरून हात फिरवा. ओरडायचं असेल तर ओरडू द्या. ओरडण्याने बाळंतपण अडत नाही. ते अडतं भीतीने. आणि आपल्या कोणाकोणाची बाळंतपणं किती अवघड झाली होती त्या कहाण्या, मावशींनो, बारशापर्यंत राखून ठेवा.

चौथी गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. एक वेळ अशी येते की बाई म्हणते, "मला नाही जमणार. मला घरी न्या. माझं पोट फाडा, काहीही करा." तिला थरथर सुटते, उलटी होते, ती नवऱ्याला शिव्या घालते. बाहेरच्यांचा धीर इथेच सुटतो. पुष्कळदा हीच वेळ आठ ते दहा सेंटिमीटरच्या मधली असते. म्हणजे डोंगर जवळजवळ चढून झालेला असतो. तेव्हा नर्सला बोलवा, तपासायला सांगा, आणि सगळं ठीक असेल तर तिच्या डोळ्यांत बघून म्हणा, "हे असंच होतं. आता थोडंच राहिलंय." मात्र त्या क्षणी तिला खरोखर दुखणं सोसवत नसेल आणि तिने दुखणं कमी करायचं औषध मागितलं, पाठीतलं इंजेक्शन मागितलं, तर ते मिळण्याची सोय असल्यास मिळू द्या. तो पराभव नाही. दुखणं तिचं आहे, ते किती सोसायचं हेही तिनेच ठरवायचं.

पाचवी, बाळ बाहेर येताना. खोलीतल्या दहा जणांनी "जोर दे, जोर दे" ओरडायची गरज नसते. तिला आतूनच कळ द्यावीशी वाटते, त्या उर्मीबरोबर तिने जोर द्यायचा. पहिलटकरणीला या टप्प्यात तीन तासांपर्यंत लागू शकतात, आधी बाळंतपण झालेलीला सहसा दोनच्या आत. कोणी पोटावर चढून वरून दाबत असेल तर नम्रपणे पण ठामपणे थांबवा. पोट दाबून बाळ बाहेर काढू नका, असं आजच्या शिफारशीत स्वच्छ लिहिलेलं आहे.

आणि सहावी, बाळ आल्यावर. बाळ रडलं, ठीक असलं, की पुसून थेट आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि वरून पांघरूण घालायचं. नाळ निदान मिनिटभर थांबून कापायची, तेवढ्यात बाळाला त्याचं रक्त मिळतं. पहिल्या तासात दूध पाजायचं. फोटो, फोन, पेढे सगळं त्या तासानंतर.

इथे मला एक सावधगिरीचं बोलायचं आहे. हल्ली "नैसर्गिक बाळंतपण" हा शब्द फार चालतो, आणि त्याचा कधीकधी भलताच अर्थ घेतात. इंजेक्शन नको, तपासणी नको, हॉस्पिटलच नको. अहो, आपल्या पणज्यांची सगळीच बाळंतपणं नैसर्गिक होती, आणि त्यातल्या किती जणी त्यातच गेल्या! "बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म" ही म्हण हौसेने नाही तयार झालेली. आपल्या देशात, 2018 ते 20 या वर्षांच्या सरकारी आकड्यांनुसार, लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावत होत्या. तेही फारच होतं, पण एके काळी हा आकडा याच्या कितीतरी पट होता. तो खाली आला तो बाळंतपणं हॉस्पिटलात झाली, रक्त मिळालं, सिझेरियन करता आलं म्हणून. बाळ झाल्याबरोबर मांडीत ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन देतात ना, ते निसर्गाच्या विरुद्ध नाही. वार पडल्यानंतर पिशवी आवळली नाही तर बाई काही मिनिटांत रक्ताने रिकामी होते. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ते इंजेक्शन घ्या.

लष्करातला पहारेकरी बघा. रात्री दोन वाजता तो उभा असतो. बघणाऱ्याला वाटतं, हा काही करत नाहीये. पण त्याचं काम तेच आहे, आणि ते काम डोळ्यांत तेल घालून करायचं असतं. काही घडलं नाही तर त्याने गोळी झाडायची नाही, आणि घडलं तर क्षणाचाही उशीर करायचा नाही. नॉर्मल बाळंतपणातलं नर्सचं आणि डॉक्टरचं काम अगदी असं आहे. कळांच्या जोराच्या काळात दर पंधरा ते तीस मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकायचे, बाळ खाली यायला लागलं की दर पाच मिनिटांनी. आईची नाडी, रक्तदाब, पाण्याचा रंग, रक्तस्राव. सगळं ठीक असेल तर हात बांधून ठेवायचे. ठोके बिघडले, नाळ बाहेर आली, बाळ आडवं असलं, तर धावत ऑपरेशन थिएटर. उगाच गोळी झाडणारा आणि झोपी गेलेला, दोघेही पहारेकरी नापासच.

आणि आपल्या देशात सध्या दोन्ही चालू आहेत. 2019 ते 21 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातली 88 ते 89 बाळंतपणं हॉस्पिटलात झालेली दिसतात, ही फार मोठी कमाई आहे. त्याच पाहणीत सिझेरियन देशात 21.5 टक्के आहेत. सरकारी दवाखान्यांत 14.3, आणि खासगीत 47.4. म्हणजे खासगीत जवळजवळ दर दुसऱ्या बाईला. सरकारी आणि खासगी हॉस्पिटलात येणाऱ्या बायका वेगळ्या असतात, अवघड केस मोठ्या ठिकाणी पाठवतात, हे मी धरते. तरीसुद्धा हाडामांसाची बाई रस्ता ओलांडल्याने एवढी बदलत नाही.

आता माझ्या वॉर्डाचं सांगते. पुढे मी मेजर झाले, फॅमिली वॉर्डाची जबाबदारी आली. मी ठरवलं, प्रत्येक बाईजवळ एक माणूस बसवायचं. डॉक्टरसाहेबांचे आक्षेप होते, आणि ते काही चुकीचे नव्हते. गर्दी होईल, इन्फेक्शन होईल, शेजारच्या खाटेवरच्या बाईची लाज कशी राखणार? मग आम्ही दोन खाटांमध्ये पडदे लावले. एकच माणूस, स्वच्छ गाऊन, आतल्या चपला, हात धुतलेले, आणि जागा बाईच्या डोक्याशी. काम एवढ्यावर होतं. खरंच, पुष्कळदा सोबत आणि एकटेपणा यांच्यामध्ये फक्त एक पडदा लावायचा राहिलेला असतो.

सोबतीला कोण? नवरा सियाचीनला, सासू सोलापूरला. मग शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका यायच्या. पंजाबी बाईजवळ तमिळ बाई, नागा मुलीजवळ आपली कोल्हापूरची वहिनी. भाषेवाचून कोणाचंही अडलं नाही. नवरा सुट्टीवर असेल तर त्याला आत घ्यायचो. विमानातून उड्या मारणारा एक कमांडो बाळाचं डोकं दिसल्याबरोबर धाडकन पडला. बायको खाटेवरून ओरडली, "आधी त्यांना बघा!" तेव्हापासून नवरोबांसाठी स्टूल सक्तीचं केलं. हसा, पण तो शुद्धीवर येऊन परत तिचा हात धरून बसला होता, हेही सांगायला पाहिजे.

एवढं सगळं करून मी निवृत्त झाले. आणि 2019 साली माझी स्वतःची मुलगी बाळंतपणाला दाखल झाली. मोठं शहर, मोठं खासगी हॉस्पिटल, नाव सांगत नाही. माझी मुलगी आत, मी आणि जावई बाहेरच्या बाकावर. "मॅडम, आत कोणाला परवानगी नाही, पॉलिसी आहे." मी सांगितलं मी कोण आहे. ते अदबीने हसले आणि दार लावलं. अकरा तास. पोटाला मशीनचा पट्टा, उताणी, शेजारी कोणी नाही. शेवटी बाळाचे ठोके पडायला लागले आणि सिझेरियन केलं. मी कागद बघितले. सिझेरियन योग्य होतं, वेळेवर होतं, माझी नात त्यामुळे आज धडधाकट आहे. त्या सर्जनचे मी पाय धरायला तयार आहे.

तिसऱ्या दिवशी मुलगी मला म्हणाली, "आई, ऑपरेशनचं मला काही वाटलं नाही. पण इतके तास मी भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत होते."

त्या क्षणी मला सातारची ती पोर आठवली. तिचं बाळंतपण नॉर्मल झालं होतं, हिचं सिझेरियन. दुखावलेल्या दोघी होत्या, आणि कारण एकच होतं. म्हणून मी तुम्हाला "नॉर्मलच झालं पाहिजे" असा हट्ट धरायला सांगत नाही. बाळ कुठून आलं यावरून बाईची किंमत ठरत नाही. सोबतीचा मात्र हट्ट धरा. नॉर्मलची शक्यता त्याने वाढतेच, आणि नाही झालं तरी ती त्यातून एकटी जात नाही.

आणि हा हट्ट धरायला आता आधार आहे. 2016 साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी असं धोरण जाहीर केलं. डिसेंबर 2017 मध्ये "लक्ष्य" नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात लेबर रूम सुधारण्याच्या यादीत हे आहे. 2018 साली मिडवाइफ तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वं आली, नर्सना नॉर्मल बाळंतपणाचं अठरा महिन्यांचं खास शिक्षण द्यायचं. कागदावर आपण बरेच पुढे आहोत. कागद लेबर रूमपर्यंत पोचवायचा असेल तर घरच्या माणसाने विचारायला पाहिजे.

म्हणून सातव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा. कळांच्या वेळी जवळ कोणी थांबू शकेल का? तिला हिंडू-फिरू द्याल का? काही खायला द्याल का? काप सरसकट घालता का? बाळ लगेच छातीवर द्याल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला, तर तेही वेळेवर कळलं.

आणि एक काम घरातलं. आपण सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतो. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, नावेत बसवून फोटो. मग दोन वाट्या झाकून पुढे ठेवतो आणि पोरीला एक उघडायला लावतो, पेढा की बर्फी. तेही आता सोडून द्यायला हरकत नाही, जे येईल ते आपलंच. त्याऐवजी त्या दिवशी त्या पोरीला विचारा, "कळांच्या वेळी तुला जवळ कोण हवंय?" ती म्हणेल आई, म्हणेल नवरा, म्हणेल मैत्रीण. कदाचित सासूचं नाव घेईल, कदाचित घेणार नाही, सासूबाईंनी मनाला लावून घेऊ नये. जिचं नाव येईल तिने त्याच दिवसापासून फोन चार्ज ठेवायचा, एक पिशवी भरून ठेवायची, आणि मी सांगितलेल्या सहा गोष्टी पाठ करायच्या. बाळंतविडा मागून शिवला तरी चालेल.

आपल्या भाषेत बाळंतपण झालं की म्हणतात, बाई मोकळी झाली, सुटली. तिची सुटका तिलाच करायची असते, दुसऱ्या कोणाला तिच्या कळा देता येत नाहीत. पण तिच्याजवळ स्टूल ओढून बसता येतं. मी ते एका रात्री केलं नाही. तुम्ही करा.